खदानवाडीची निळी रेघ

"मेस्त्री, नाला आहे की नाही, एवढंच सांगा."

दळवी साहेब स्क्रीनवर पेन्सिल टेकवून विचारत होते. पेन्सिलीच्या टोकाखाली भांडुपची टेकडी होती आणि टेकडीच्या उतारावर खदानवाडी.

"आहे," मी म्हणालो. "वरून खाली, वाडीच्या मधोमध. मीच काढलाय तो शीटवर. नोकरीत असताना."

"झकास! मग वॉर्डाची हद्द तिथून जाईल."

एवढंच बोलणं झालं. खदानवाडीत दामोदर इंगळे या माणसाबद्दल गेली काही वर्षं एक गोष्ट सांगितली जाते, की त्याने स्वतःच्या मुलीची निवडणूक विकली. ती गोष्ट खोटी आहे. खरं काय घडलं ते मला माहीत आहे, कारण ते मी केलं. म्हणून हे लिहितोय.

मी ड्राफ्ट्समन. म्हणजे सर्व्हेवाले जमिनीवर मोजमाप घेऊन येतात, त्यावरून कागदावर नकाशा काढणारा. एका खाजगी सर्व्हे कंपनीत आयुष्य गेलं. कंपनी बंद पडली तोवर मी निवृत्त झालो होतो. पुढे बायको गेली. मुलगा बंगळूरला. भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी आमची बिल्डिंग आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर मी एकटा. सकाळी पेपर, दुपारी कुकर, संध्याकाळी बाल्कनी. दिवसचे दिवस असे जायचे की वॉचमन सोडून कोणाशी बोलणं व्हायचं नाही.

अशात दळवींचा फोन आला. कोणाकडून तरी माझं नाव कळलं होतं. मुलुंडला स्टेशनजवळ, एका मेडिकलच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. बोर्डवर फक्त 'कन्सल्टंट' लिहिलेलं. कसले, ते लिहिलेलं नव्हतं. आत सगळी पंचविशी-तिशीतली मुलं, प्रत्येकापुढे दोन स्क्रीन. मी गेलो तर त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्या जुन्या शीट्सबद्दल विचारलं. पैसे थोडे मिळणार होते, पण पैशांसाठी मी गेलो नाही. मला ठाऊक असलेलं काहीतरी कोणीतरी मला विचारत होतं. त्या दिवसांत मला तेवढं पुरलं.

काम काय होतं ते सांगतो.

महापालिकेची निवडणूक यायची असली की आधी प्रभागांची रचना होते. प्रभाग म्हणजेच आपण ज्याला वॉर्ड म्हणतो तो. शहराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातून एक नगरसेवक. लोकसंख्या साधारण सारखी हवी, थोडं कमी-जास्त चालतं. हद्द शक्यतो रस्ता, रेल्वे, नाला, डोंगर अशा दिसणाऱ्या गोष्टींवरून जावी. उगाच लोकांच्या घरांमधून रेघ ओढू नये. आधी एक ड्राफ्ट जाहीर होतो. मग लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. त्यावर सुनावणी होते. मग फायनल नकाशा.

दळवींचा धंदा या 'हरकती आणि सूचना'त होता. हरकत कोणीही नागरिक घेऊ शकतो. दळवी नागरिक शोधून द्यायचे, हरकत लिहून द्यायचे, सोबत नकाशा जोडून द्यायचे. बिल कोण भरायचं, ते नकाशावर नसायचं.

खदानवाडीचं बिल भाऊ भरत होते. भाऊ म्हणजे आमचे तेव्हाचे नगरसेवक. नाव लिहीत नाही, पक्षही लिहीत नाही. कुठलाही धरा, रेघ तीच राहते.

त्याआधीच्या निवडणुकीत भाऊ जेमतेम वाचले होते. समोर अपक्ष म्हणून उभी होती सुनीता इंगळे. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. वॉर्डातला एकही जिना तिला नवा नव्हता. कोणाची शुगर किती, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाच्या नळाला पाणी नाही, सगळं तिला माहीत. भाऊंनी पैसा ओतला, तिने चपला झिजवल्या. मोजणीत दोघं इतके जवळ आले की फेरमोजणी झाली. भाऊ निवडून आले, पण त्या दिवशी गुलाल अंगावर असताना त्यांचा चेहरा पडलेला होता, असं सांगतात.

आता नव्या ड्राफ्टमध्ये खदानवाडी अख्खीच्या अख्खी पुन्हा भाऊंच्या वॉर्डात आली होती.

"वाडी एक राहिली तर भाऊंची वाट लागली," दळवी म्हणाले. "बाई या वेळी येणार. सर्व्हे केलाय आम्ही. आता बघा मेस्त्री, वाडीचे दोन भाग केले, तर डावा भाग भाऊंकडे, इकडच्या टॉवरांसोबत. टॉवरवाले भाऊंचे. उजवा भाग टेकडीपलीकडच्या वॉर्डात. तिथे भाऊंचे मेहुणे आहेत, तो वॉर्ड तसाही सेफ. बाईची मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोन्हीकडे कमी पडणार."

"पण लोक?"

"लोक कुठे जातायत? घरं तिथंच राहणार, नळ तिथंच राहणार. कागदावर एक रेघ."

मी आयुष्यभर कागदावरच्या रेघा काढल्या होत्या. रेघ म्हणजे काय, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळायला हवं होतं.

आता नाल्याबद्दल. मी पहिल्यांदा तो काढला तेव्हा तो उघडा होता. टेकडीवरचं पाणी आणि वाडीचं सांडपाणी घेऊन खाली यायचा. डाव्या अंगाला आमची कोकणातली माणसं, गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळहून इकडे आलेली. उजव्या अंगाला बुलढाणा, जालना, वाशीमकडची बौद्ध कुटुंबं. मध्ये घाण पाणी. तेव्हा ती खरोखरच दोन वस्त्यांमधली हद्द होती. मी शीटवर ठळक निळी रेघ ओढली, बरोबर ओढली.

नंतर कधीतरी नाल्यावर स्लॅब पडला. पाणी खाली गेलं आणि वर वाडीला पहिल्यांदा एक सपाट जागा मिळाली. उतारावरच्या वस्तीत सपाट जागा म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच कळेल. त्या स्लॅबवर पोरं क्रिकेट शिकली. बायका पापड वाळवू लागल्या. लग्नं तिथे, बारशी तिथे, दहाव्याची पानंही तिथेच. एप्रिलमध्ये जयंतीचा मंडप तिथे पडायचा, भाद्रपदात गणपतीचा. मंडपवाला एकच, बांबू तेच, वर्गणी दोन्ही अंगांची. फक्त कापड बदलायचं. दोन वस्त्यांची एक वाडी झाली ती त्या स्लॅबवर.

आमच्या कामात याला खूण आहे. उघडा नाला अखंड रेघेने दाखवायचा. वरून बंद केलेला, बंदिस्त नाला तुटक रेघेने. म्हणजे बघणाऱ्याला समजतं की पाणी खालून जातंय, वरून माणसं ये-जा करतात.

दळवींना अखंड रेघ हवी होती. तसं ते बोलले नाहीत. "जुनी शीट आहे ना तुमची, तिच्यावरूनच घ्या," एवढंच म्हणाले. मी जुन्या शीटवरून घेतली. रेघ तोडली नाही. सगळी लबाडी तेवढीच. इतकी छोटी, की करताना हात थांबलासुद्धा नाही.

पण हरकतीसोबत ताजं मोजमाप आणि फोटो हवे होते. टेकडीवर एकट्याने टेप लावता येत नाही. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मला एकच माणूस आठवला.

दामू इंगळे आमच्या कंपनीत चेनमन होता. पूर्वी जमीन साखळीने मोजायचे, ती धरणारा तो चेनमन. साखळी गेली, टेप आली, नाव राहिलं. टेपचं शून्याचं टोक चेनमन धरतो. ते खुणेवर घट्ट टेकवून तो ओरडतो, "झिरो!" मग पलीकडचा माणूस आकडा वाचतो. झिरो हलला तर पुढचं सगळं चुकलं. दामूचा झिरो कधी हलला नाही. लोकांसमोर तो मला साहेब म्हणायचा, दोघंच असलो की मेस्त्री आणि अरे-तुरे. तो खदानवाडीत उजव्या अंगाला राहायचा. सुनीता त्याची मुलगी.

होय, हे मला माहीत असताना मी त्याला फोन केला.

"जयभीम दामू. टेप धरशील का रे एक दिवस?"

"जयभीम! मेस्त्री, तू जिवंत आहेस?" तो हसला. "ये ना. इथं बसून बसून गुडघे गंजलेत. काय मोजायचंय?"

"तुमचा नाला. जुनी शीट अपडेट करायचीय."

"कोणासाठी?"

"एक ऑफिस आहे मुलुंडला."

त्याने पुढे विचारलं नाही. नोकरीतही तो विचारायचा नाही. साहेबांनी सांगितलं तिथे झिरो धरायचा.

सकाळी गेलो. दामू इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभा होता. पायात बूट. आम्ही स्लॅबच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली. मधे एका ठिकाणी स्लॅब तुटला होता, लोखंडी कठडा लावला होता आणि खाली पाणी दिसत होतं. मी तिथले फोटो काढले, जवळून, फक्त पाणी आणि कठडा येईल असे. पापड आले नाहीत, स्टंप आले नाहीत.

"झिरो!" दामू ओरडायचा. त्याचा आवाज तसाच होता, पूर्वीसारखा.

डाव्या अंगाच्या गावडेकाकी दारात भांडी घासत होत्या. त्यांनी हात थांबवला. "काय रे दामू, रस्तो रुंद करतत काय? माझी न्हाणी जातली मा?"

"नाही हो काकी. आमचे जुने साहेब आहेत. नाला मोजतायत फक्त."

"नाल्याक काय मोजूचा? मेलो खाली वास मारता तो मारता!"

आजूबाजूचे हसले. एका पोराने बॅट खांद्यावर टाकून विचारलं, "दामूकाका, सीमारेषा आखताय काय? आमची सिक्स तिकडं त्या पत्र्यावर गेली की धरायची, बरं का!" पुन्हा हशा. दामू अभिमानाने टेप धरून उभा होता. अख्ख्या वाडीने त्याला पाहिलं.

मोजून झाल्यावर त्याच्याकडे चहाला गेलो. सुनीता राउंडवरून आली. खांद्याला सॅम्पलची थंड पेटी, कपाळावर घाम.

"काका! बाबा सकाळपासून पाच वेळा आरशात बघून गेले तुमच्यासाठी."

"गप गं," दामू म्हणाला.

ती पेटी खाली ठेवून समोर बसली. "यंदा सोडत नाही काका. मागच्या खेपेला एवढ्याशाने गेली. या वेळी दोन्ही अंगांच्या बायका आत्तापासून विचारतायत, प्रचार कधी सुरू करायचा." मग अचानक म्हणाली, "तुम्ही नकाशावाले. आपला वॉर्ड तोच राहील ना?"

मी चहा प्यालो. "ड्राफ्टमध्ये तर तोच आहे."

"तेच म्हटलं. मी बघून आले ना. सगळं ठीक आहे, मग हरकत कशाला घ्यायची?"

इथे एक गोष्ट वाचकांनी समजून घ्यावी. ज्याला ड्राफ्ट मान्य असतो तो हरकत घेत नाही. हरकत घेतली नाही म्हणजे सुनावणीचं बोलावणं नाही. सुनावणीच्या हॉलमध्ये सगळे नाराजच असतात. ज्यांचं सगळं ठीक चाललेलं असतं त्यांच्या वतीने तिथे कोणी उभं नसतं. दळवींचा सगळा धंदा या एका फटीवर चालायचा. त्या क्षणी मी नुसतं "घेऊन ठेव हरकत, आहे तसंच राहू दे म्हणून लिही" असं म्हणालो असतो, तरी पुरलं असतं. मुदत संपायला अजून दिवस होते. मी बिस्कीट खाल्लं.

सुनावणीला दळवींनी एका टॉवरमधल्या गृहस्थांना उभं केलं. हरकत त्यांच्या नावावर होती. ते वाडीत कधी गेले नव्हते. बोलायला मी, 'तांत्रिक सल्लागार' म्हणून. आमचा नंबर आला. अधिकारी दमलेले होते, टेबलावर नकाशांचा ढीग.

"काय म्हणणं आहे?"

"साहेब, ड्राफ्टमधली हद्द पायवाटेवरून जाते. ती पावसात वाहून जाते, बदलते. त्यापेक्षा नाल्याची हद्द नैसर्गिक आहे. कायम आहे."

त्यांनी माझा नकाशा पाहिला. अखंड निळी रेघ. फोटो पाहिले. पाणी, कठडा.

"नाला वाहता आहे?"

"हो साहेब. बारा महिने."

हे खरं होतं. स्लॅबखाली तो बारा महिने वाहतो. त्यांनी लोकसंख्येचा आकडा तपासला, तो दोन्हीकडे बसत होता. त्यांना मी दोष देणार नाही. समोर जो कागद होता त्याप्रमाणे माझं म्हणणं योग्य होतं. कागद मी केलेला होता.

बाहेर आल्यावर दळवींनी पाठीवर थाप मारली. "मेस्त्री, काय बोललात! पोरांना नाही जमत हे."

घरी आलो. हे सांगायला कोणी नव्हतं. बायको असती तर तिला सांगितलं असतं आणि ती विचारती, "स्लॅब सांगितलात ना त्यांना?" ती असती तर मी गेलोच नसतो बहुधा.

फायनल नकाशा आला. हद्द स्लॅबवरून गेली.

सुनीताने धावपळ केली, अर्ज दिले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, की मुदतीत हरकत नव्हती. तिचं घर उजव्या अंगाला. नियमाने कुठूनही उभं राहता आलं असतं, पण भाऊंच्या वॉर्डात आता टॉवरांचीच मतं जास्त होती. ती टेकडीपलीकडच्या वॉर्डातून उभी राहिली. तिथे रिक्षाने वळसा घालून जावं लागतं. तिथल्या कुठल्याच जिन्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. डाव्या अंगाच्या बायकांना तिला मत द्यायचं होतं, पण त्यांच्या मशीनवर तिचं नावच नव्हतं. गावडेकाकी मतदान केंद्रावर भांडल्या, असं नंतर कळलं. "माझी उमेदवार खंय?" म्हणून.

भाऊ प्रचंड मतांनी आले. मेहुणेही आले. पूर्वी जिथे एक घासून होणारी लढत होती, तिथे आता दोन एकतर्फी झाल्या.

एकतर्फी निवडणूक आतून कशी असते ते मला त्या वर्षी माझ्याच घरात कळलं. आमची बिल्डिंग भाऊंच्या वॉर्डात. मागच्या वेळी प्रचाराच्या दिवसांत बेल वाजायची थांबत नसे. भाऊंची माणसं, सुनीताच्या बायका, तिसरे-चौथे. बायको सगळ्यांना पाणी द्यायची आणि सगळ्यांना एकच गटारीचं झाकण दाखवायची. दोन्ही पार्ट्या ते झाकण बसवून द्यायला एकमेकांच्या आधी धावल्या होत्या. आमचं एक मत तेव्हा कोणाला तरी हवं होतं.

या वेळी मी बाहेरच्या खोलीत बसून असायचो. बेल वाजली नाही. मतदाराच्या स्लिपा वॉचमनकडे गठ्ठ्याने टाकून गेले. भाऊ आमच्या गल्लीत आलेच नाहीत, कशाला येतील? निकाल त्यांना माहीत होता, आम्हालाही माहीत होता. झाकण पुन्हा तुटलंय. मी दोनदा त्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सांगतो हां काका." मत देऊन शाई लावून मी परत आलो तेव्हा जिन्यात विचार आला, की ही बेल मीच बंद केली.

पण याहून वाईट वाडीत झालं.

लोक एवढी मोठी गोष्ट अशी कशी झाली याचा शोध घेऊ लागले. हरकत टॉवरमधल्या कोणाच्या तरी नावावर. माझं नाव कुठल्या कागदावर नाही. मग कोणाला तरी आठवलं, की रचना पक्की व्हायच्या आधी स्लॅब मोजला होता. कोणी मोजला? दामूने. दामूच टेप धरून उभा होता, सोबतच्या साहेबाचं नाव वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. दामू सर्व्हेतलाच माणूस. आणि जिथून टेप गेली तिथूनच हद्द गेली.

दामूचा फोन आला. "मेस्त्री, तू ते कशाला मोजलंस रे? इथं लोक मला..."

"ऑफिसचं काम होतं दामू," मी म्हणालो. "पुढे त्याचं काय केलं मला काय माहीत?"

तो "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याने ते मान्य केलं की नाही, मला कळलं नाही. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. काही महिन्यांनी तो वाडी सोडून थोरल्या मुलाकडे बदलापूरला गेला. जयंतीच्या मंडपात कोणीतरी त्याला उठून जायला सांगितलं होतं, असं कानावर आलं. सुनीताही त्याच्याशी बोलायची बंद झाली होती.

मी दळवींकडे जाणं सोडलं. त्यांनी एकदा फोन केला, घाटकोपरचं काम होतं. "तब्येत बरी नाही," म्हणालो. खोटं नव्हतं. शुगर वाढली होती. डॉक्टरांनी दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलं. लॅबला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सुनीता.

कित्येक महिन्यांत वाजलेली ती पहिली बेल असावी. मला आनंद झाला, आणि लगेच लाज वाटली.

तिने मला ओळखल्यासारखं केलं नाही. "हात पुढे करा. मूठ बंद करा." रक्त घेतलं, कापूस दाबला, गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा. तसे बरेच महिने. मी दर वेळी ठरवायचो की आज सांगायचं. ती रबर बांधायची, मी मूठ मिटायचो, ती सुई काढायची आणि जायची.

शेवटी एकदा सुई आत असतानाच बोललो. तेव्हा ती उठून जाऊ शकत नव्हती.

"सुनीता, तुझ्या बाबांना काही माहीत नव्हतं. कशासाठी मोजतोय ते मी सांगितलं नाही. सुनावणीला मी होतो. नकाशा माझा. स्लॅब मी दाखवला नाही."

तिचा हात हलला नाही. ट्यूब भरली, तिने दुसरी लावली. तीही भरली. सुई काढून कापूस दाबला.

"धरा," म्हणाली. मग पेटी बंद केली.

"मी त्यांना चोर म्हटलं काका. सगळ्यांसमोर."

मी कापूस दाबून धरला.

"मला कशाला सांगता? मला सांगून काय होणार? वाडीत येऊन सांगा. स्लॅबवर."

"येतो."

"आणि एकदा सांगून भागणार नाही," दारात चपला घालताना ती म्हणाली. "आता मंडप दोन पडतात. परवानगीच्या चिठ्ठ्या दोन नगरसेवकांच्या, मंडपही दोन. एक वरच्या टोकाला, एक खालच्या. इकडचे तिकडे जात नाहीत. दोनदा सांगावं लागेल."

जयंतीच्या दिवशी गेलो. स्लॅब तोच, बांबू बहुधा तेच, पण मधली जागा मोकळी. तिथे कोणी पोरंही खेळत नव्हती. आधी वरच्या, उजव्या अंगाच्या मंडपात सांगितलं. माईक दिला नाही, मीही मागितला नाही. वीस-पंचवीस माणसं असतील. ऐकून एक तरुण उठला.

"मग आता ती लाइन मिटवा."

"आता मिटत नाही. पुढच्या रचनेला हरकत घ्या. ड्राफ्ट पटला तरी घ्या. पटला असं लिहून द्या."

"ते आम्ही बघू. तुम्ही आज कशाला आलात?"

"दामूसाठी."

तो बसला. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग मोकळ्या जागेतून चालत खालच्या मंडपात गेलो. तिथे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना वाक्यं आपोआप गुळगुळीत होऊ लागली, ते जाणवून मी थांबलो आणि साधंच बोललो. गावडेकाकी पुढच्या खुर्चीवर होत्या. खूप म्हाताऱ्या दिसत होत्या.

"म्हणजे त्या दिसा कित्याक मोजतत, ता दामूक म्हायत नाय होता?"

"नाय काकी," मी म्हणालो. किती वर्षांनी मालवणी तोंडात आली. "माका म्हायत होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

सुनीता मागे उभी होती. तिने हातातला फोन माझ्याकडे दिला. पलीकडे टीव्हीचा आवाज. मग दामू.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "पोरीने फोन चालूच ठेवला होता."

"दामू..."

"किती भरली होती रे तेव्हा लांबी?"

मला आठवेना. तो आकडा मी नकाशावर लिहिला होता, अधिकाऱ्यांना वाचून दाखवला होता. "आठवत नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही. परत मोजायला लागेल."

"ये मग."

"बघू," म्हणाला आणि फोन ठेवला. तो अजून आलेला नाही. सुनीता रविवारी बदलापूरला जाते, एवढं तिनेच सांगितलं. माझं रक्त घ्यायला ती अजून येते. बोलते थोडं.

आमच्या धंद्यात प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. मोजणी कोणी केली, रेखाटन कोणी केलं, तपासलं कोणी. चेनमनचं नाव त्यात कधीच नसतं. माझ्या त्या नकाशावर तर चौकटच नव्हती. दळवींनी काढून टाकायला सांगितली होती आणि मी काढली होती. बिनचौकटीच्या नकाशाचा दोष मग ज्याला लोकांनी जमिनीवर उभं पाहिलं त्याच्यावर जातो. नव्या मुलांना एवढंच सांगेन, चौकट काढायला सांगितली की काम सोडून घरी जा.

राहिलेली चौकट इथे भरतो.

जागा: खदानवाडी, भांडुप. नाला: बंदिस्त, वर रहदारी. रेखाटन: मेस्त्री. झिरो: दामोदर इंगळे. काम कशाचं, ते त्याला सांगितलेलं नव्हतं.